बारा सभासद, बारा ओळी आणि एकच नाव

पुण्यातील एका पतसंस्थेत १४ वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या, ४१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. संस्थेत नवी संगणक प्रणाली आली, तेव्हा ती आतून कशी चालते हे आपल्यालाही कळावे म्हणून त्यांनी कोथरूडमधल्या, जावा ही संगणक भाषा शिकवणाऱ्या रविवारच्या वर्गात नाव घातले. व्हेरिएबल, इफ, लूप (तीच कृती फेरीफेरीने करवून घेणे) इथपर्यंत सारे ठीक होते. ऑब्जेक्ट सुरू झाले आणि तिथे घोडे पेंड खाऊ लागले. घरचा अभ्यास म्हणून त्यांनी १२ सभासदांची नावे आणि शिल्लक विचारून घेणारा, प्रत्येकाचे खाते यादीत टाकणारा आणि शेवटी ती यादी छापणारा प्रोग्राम लिहिला. छापून आल्या त्या बाराही ओळींत शेवटच्याच सभासदाचे नाव होते आणि शिल्लकही त्याचीच. एका रात्री त्यांनी नवा ऑब्जेक्ट तयार करणारी ‘न्यू’ची ओळ लूपच्या आत नेऊन पाहिली. फरक पडला नाही, म्हणून ती परत जागेवर ठेवली. शिल्लक वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेतली तर पुढे पैसे जमा केल्यावरही ती तशीच का राहते, आणि अगदी सारख्या नोंदी असलेली दोन खाती संगणकाला समान का वाटत नाहीत, हेही त्यांना उमगत नाही. वर्गातली विशीतली मुले भराभर पुढे जात आहेत. ‘ऑब्जेक्ट म्हणजे वास्तवातील वस्तू’ ही व्याख्या पाठ आहे, पण तिचा उपयोग होत नाही. फीचा दुसरा हप्ता महिनाअखेरीस भरायचा आहे. तो न भरता वर्ग सोडावा, इतरांसारखे प्रोग्राम पाठ करावेत, की घरी शिकवणी लावावी? आणि वाणिज्य शाखेचे डोके या कामाचे नाही, हे मान्य करण्यात कमीपणा तो काय, असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही तो प्रोग्राम हाताने उतरवून पाठवलात, हे फार बरे केलेत. तो नसता तर मीही धीर देणारी चार वाक्ये लिहून मोकळा झालो असतो. तो वाचल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती ही, की त्या रात्री ‘न्यू’ची ओळ लूपच्या आत नेण्याचा तुमचा विचार बरोबर होता. फरक पडला नाही, कारण तुमच्या प्रोग्राममध्ये दोन चुका आहेत आणि त्यांपैकी कोणतीही एकटी उरली तरी कागदावर तेच दिसते. तुम्ही एक चूक दुरुस्त केलीत, दुसरीने निकाल तसाच ठेवला, आणि तुम्ही केलेली योग्य दुरुस्ती चुकीची समजून पुसून टाकलीत. तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नसताना एक चूक सापडली आणि ती सुधारूनही फरक राहिला, तर तुम्ही ती सुधारणा खोडून पहिल्यासारखे करता का? नाही, तुम्ही दुसरी चूक शोधायला लागता. ‘माझे डोके यासाठी नाही’ हा तुमचा निष्कर्ष बराचसा या एका रात्रीवर उभा आहे, असे पत्रावरून दिसते. म्हणून आधी त्या दोन चुकांकडे जाऊ आणि हप्त्याचे नंतर पाहू.

तुम्हाला पाठ असलेली व्याख्या खोटी नाही, पण ती ज्या गरजेतून आली ती तुमची आजची गरज नव्हे. नॉर्वेमधील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली, ती प्रत्यक्षातल्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करून पाहण्यासाठी. क्लास आणि ऑब्जेक्ट या दोन्ही कल्पना तिच्या १९६७च्या आवृत्तीतून पुढे आल्या. नक्कल करायला बसलेल्या माणसाने वास्तवातल्या वस्तूंविषयी बोलणे साहजिकच होते. नवशिक्याला मात्र कुत्रा, मोटार आणि आंबा यांची उदाहरणे देऊन फारसे काही हाती लागत नाही, कारण कुत्रा भुंकतो हे समजण्यासाठी त्याच्याविषयीची माहिती कुठे लिहून ठेवली आहे हे ठाऊक असावे लागत नाही, आणि प्रोग्राम वाचताना नेमके तेवढेच ठाऊक असावे लागते. पहिले दोन महिने ही व्याख्या परीक्षेपुरती ठेवावी आणि एरवी बाजूला सारावी, असे माझे मत आहे. काही शिक्षकांना ते रुचणार नाही.

तिच्या जागी काय ठेवायचे, ते तुमच्याकडे आधीपासून आहे. तुम्ही रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहिली आहे. तारीख, तपशील, नावे रक्कम आणि जमा रक्कम यांच्या जोडीला तिच्यात एक अरुंद रकाना असतो, ‘खा. पा. क्र.’, म्हणजे खाते पान क्रमांक. संगणक आल्यापासून तो हाताने भरणारे थोडेच उरले असतील, पण अकरावीच्या पुस्तपालनापासून तो तुमच्या परिचयाचा आहे. खातेदाराची सगळी हकीकत खतावणीच्या, म्हणजे खातेवहीच्या, पानावर असते आणि रोजकीर्दीत फक्त त्या पानाचा क्रमांक असतो. जावामधला ऑब्जेक्ट म्हणजे ते पान, आणि तुम्ही ज्याला व्हेरिएबल म्हणता तो म्हणजे तो अरुंद रकाना. क्लास म्हणजे पानाचा छापील नमुना: वर नाव, खाली शिल्लक, अमुक इतके रकाने, पण भरलेले काहीच नाही. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट मावलेला नसतो. तिथे फक्त पानाचा क्रमांक असतो. तुमच्या पत्रातील बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पुढच्या ओळी मी देवनागरीत लिहितो आहे. तुमच्या पडद्यावर त्या रोमन लिपीत असतील. (जाता जाता सांगतो, जावामध्ये व्हेरिएबलची आणि क्लासची नावे देवनागरीत ठेवता येतात, भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमनमध्येच लिहावे लागतात. कामाच्या ठिकाणी कोणी तसे करत नाही, पण घरच्या सरावाला काहीच हरकत नाही.) आता ही ओळ पाहा:

खाते ख = न्यू खाते();

ही ओळ उजवीकडून वाचायची. ‘न्यू खाते()’ म्हणजे नमुन्यानुसार एक कोरे पान खतावणीला जोडा. ‘खाते ख’ म्हणजे ‘ख’ नावाचा एक रकाना आखा, ज्यात खात्याच्याच पानाचा क्रमांक लिहिता येईल. आणि मधले बरोबरचे चिन्ह म्हणजे त्या नव्या पानाचा क्रमांक या रकान्यात लिहा. शाळेतल्या गणितात हे चिन्ह दोन्ही बाजू समान असल्याचे सांगते, इथे ते एक कृती सांगते, आणि ही लहानशी अदलाबदल पुष्कळ लोकांना पुष्कळ दिवस छळते. लक्षात घ्या की ‘ख’ हे त्या खात्याचे नाव नाही. ऑब्जेक्टला स्वतःचे नाव नसतेच. एखाद्या पानाचा क्रमांक पाच रकान्यांत लिहिलेला असेल, एखाद्याचा कुठेच नसेल. ज्या पानापर्यंत कोणत्याही वाटेने पोचता येत नाही, ते जावा केव्हातरी रद्दीत काढते. इथे उपमेची मर्यादाही सांगून ठेवतो: खतावणीचा क्रमांक तुम्ही वाचू शकता, जावामधला क्रमांक वाचायला मिळत नाही आणि त्याच्याशी बेरीज-वजाबाकीही करता येत नाही. तो फक्त एका रकान्यातून दुसऱ्यात उतरवता येतो.

तो उतरवला की काय होते?

खाते ग = ख;

या ओळीत ‘न्यू’ नाही, म्हणजे नवे पान जोडले गेलेले नाही. ‘ख’मधला क्रमांक ‘ग’मध्ये उतरला, बस. हे तुमच्याकडचे संयुक्त खाते आहे: पतीने सकाळी २,००० रुपये काढले तर दुपारी पत्नीला शिल्लक तेवढीच कमी दिसते, आणि त्यात तुम्हाला कधी आश्चर्य वाटलेले नाही. ‘ग’च्या वाटेने जाऊन शिल्लक बदलली तर ‘ख’च्या वाटेनेही बदललेली दिसणार, कारण पान एकच आहे. बारावीला सी प्लस प्लस शिकून आलेल्या मुलांना हीच ओळ दगा देते, कारण त्या भाषेत अशाच ओळीने साधारणपणे सगळ्या पानाची नक्कल तयार होते आणि दोन स्वतंत्र खाती उरतात. तुमच्या वर्गातली पुढे गेलेली मुले इथे हमखास अडखळतील. त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा.

आता तुमची पहिली चूक. ‘न्यू’ लूपच्या बाहेर आहे, म्हणजे खतावणीला पान एकच जोडले गेले. लूपच्या पहिल्या फेरीत त्या पानावर पहिल्या सभासदाचे नाव लिहिले आणि पानाचा क्रमांक यादीत टाकला. दुसऱ्या फेरीत त्याच पानावरचे पहिले नाव पुसून दुसरे लिहिले आणि तोच क्रमांक यादीत पुन्हा टाकला. असे बारा वेळा. यादीत १२ नोंदी आहेत हे खरे, पण त्या १२ खात्यांच्या नसून एकाच क्रमांकाच्या आहेत, आणि त्या पानावर शेवटी जे लिहिले गेले तेच उरले आहे. यादीत टाकताना संगणक पानाची छायाप्रत काढून घेत असेल, असे आपण नकळत धरून चालतो. तो तसे करत नाही. म्हणून ‘न्यू’ लूपच्या आत हवे: प्रत्येक फेरीला नवे पान.

दुसरी चूक तुम्ही केलेली नाही, ती तुम्हाला शेजाऱ्याने दिली. छापण्याच्या लूपमध्ये तुम्ही नुसते ‘नाव’ आणि ‘शिल्लक’ लिहिले होते आणि त्याखाली तांबडी रेघ आली: ‘नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल शिल्लक कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’. शेजारी बसलेल्या मुलाने दोन्ही रकान्यांच्या आधी ‘स्टॅटिक’ लिहायला सांगितले आणि रेघ गेली. ही तक्रार पडद्यावर फारच बोजड दिसते, पण तिचा आशय तुम्ही संस्थेच्या खिडकीवर दिवसातून वीस वेळा बोलत असाल. कोणी येऊन नुसते ‘शिल्लक सांगा’ म्हणाले, तर तुम्ही विचारता, ‘कोणाच्या खात्याची?’ प्रोग्राम चालण्याआधी तो तपासणाऱ्या कम्पायलरनेही तेवढेच विचारले होते. ‘स्टॅटिक’ने त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, प्रश्नच बंद झाला, कारण स्टॅटिक रकाना पानावर नसतो, तो साऱ्या क्लासचा मिळून एकच असतो, भिंतीवरच्या फळ्यासारखा. तुम्ही त्या फळ्यावर बारा सभासदांची नावे एकापाठोपाठ एक लिहिलीत आणि पुसलीत. मग पाने बारा असोत की एक, वाचायला फळ्यावर शेवटचेच नाव मिळणार. लूपच्या आत नेलेल्या ‘न्यू’ने त्या रात्री बारा पाने खरोखरच तयार केली होती, फक्त ती कोरी होती.

दुरुस्ती अशी: दोन्ही ‘स्टॅटिक’ काढा, ‘न्यू’ आत न्या, आणि तांबडी रेघ परत आली की नुसत्या ‘शिल्लक’च्या जागी, ज्या खात्याची ओळ छापत आहात त्याचा रकाना, मग टिंब, मग ‘शिल्लक’ असे लिहा. ते टिंब म्हणजे ‘या क्रमांकाचे पान उघड’. स्टॅटिक वाईट नसते. ठेवीवरचा व्याजदर सगळ्यांना सारखाच असेल, तर तो फळ्यावरच हवा, तो ५,००० पानांवर लिहून दर बदलला की ५,००० पाने खोडत बसण्यात अर्थ नाही. पण कम्पायलरला गप्प करण्यासाठी लिहिलेले स्टॅटिक पुढे कुठेतरी असेच वर येते, आणि माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या प्रोग्रामांतील जितके स्टॅटिक आहेत त्यांपैकी बरेचसे याच कारणाने आलेले असतात.

वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेतलेली शिल्लक का बदलत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. ‘इंट शि = ख.शिल्लक’ असे लिहिले तेव्हा पानावर ८,००० होते, ते ‘शि’मध्ये उतरले. नंतर ५०० जमा केले, पानावर ८,५०० झाले, ‘शि’ ८,०००च राहिला. हे पासबुक आहे. पासबुकावर छापलेला आकडा छापला त्या क्षणाचा असतो आणि पुढची नोंद खतावणीत पडली म्हणून घरच्या कपाटातले पासबुक आपोआप बदलत नाही. जावामध्ये इंट (पूर्णांक), डबल (दशांश आकडा), बूलियन (हो-नाही) अशा आठ मूळ प्रकारांच्या रकान्यांत प्रत्यक्ष किंमतच असते, बाकी सगळ्यांच्या रकान्यांत पानाचा क्रमांक. तेव्हा बरोबरचे चिन्ह असलेली कोणतीही ओळ वाचताना विचारायचे ते हे, की इथे आकडा उतरतो आहे की क्रमांक. मेथडला, म्हणजे नाव देऊन लिहून ठेवलेल्या कृतीला, काही देतानाही हाच नियम चालतो. आकडा दिलात तर मेथडकडे पासबुक गेले. तिथे त्यावर काहीही गिरवले तरी तुमच्याकडे परिणाम नाही. क्रमांक दिलात तर मेथड त्या पानावर लिहू शकते आणि ते सर्वांना दिसते. मात्र मेथडने आपल्या रकान्यात दुसऱ्याच पानाचा क्रमांक लिहिला तर तुमचा रकाना होता तसाच राहतो. मुलाखतींत ‘जावा पास बाय व्हॅल्यू आहे की रेफरन्स’ असे विचारून उमेदवारांना घाम फोडतात, त्याचे उत्तर एवढेच आहे: नेहमी व्हॅल्यू, म्हणजे रकान्यात जे आहे त्याची नक्कल, पण कधी ती व्हॅल्यूच पानाचा क्रमांक असतो.

समानतेचे कोडे यातूनच सुटते, पण त्यात एक सापळा आहे आणि हिशेबाच्या माणसाने तो नीट पाहून ठेवावा. दोन रकान्यांमध्ये दोन बरोबरची चिन्हे टाकून तुलना केली की संगणक क्रमांक ताडून पाहतो, पानावरचा मजकूर नव्हे. एकाच नावाचे आणि एकाच शिल्लकेचे दोन खातेदार असू शकतात. संस्था त्यांना एक समजली तर काय होईल, ते मी तुम्हाला सांगायला नको. मजकुराची तुलना हवी असेल तर ‘इक्वल्स’ नावाची मेथड असते, आणि काय सारखे असले की खाती समान मानायची हे तिच्यात आपण लिहायचे असते. लिहिले नाही तर तीही क्रमांकच ताडते. नावांची तुलना नेहमी इक्वल्सनेच करावी. आता सापळा. ‘इंट’चा मोठा भाऊ ‘इंटिजर’ हा ऑब्जेक्ट आहे, म्हणून त्याच्या रकान्यात क्रमांक असतो. पण -१२८ ते १२७ या आकड्यांची पाने जावा आधीच करून ठेवते आणि साधा आकडा दिला की तीच पुन्हा वापरते. त्यामुळे १०० आणि १०० यांची तुलना बरोबर ठरते, ५,००० आणि ५,००० यांची सहसा चूक ठरते. घरी लहान आकडे घालून तपासलेला प्रोग्राम खऱ्या शिलकांवर फसतो तो असा, आणि त्यात अनुभवी लोकही फसलेले मी पाहिले आहेत.

कोऱ्या रकान्यांविषयी थोडे. नवे पान जोडले जाते तेव्हा त्यावरचे आकड्यांचे रकाने शून्याने भरतात, हो-नाहीचे ‘फॉल्स’ने, आणि क्रमांकाचे ‘नल’ने. नल म्हणजे इथे अजून कोणत्याच पानाचा क्रमांक लिहिलेला नाही. अशा रकान्यापुढे टिंब टाकून शिल्लक मागितली की नल पॉइंटर एक्सेप्शन येते आणि प्रोग्राम कोसळतो. ही नल कल्पना १९६५ मध्ये एका भाषेत घालणाऱ्या टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले होते, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. मी शिकत असताना ६० विद्यार्थ्यांचा ॲरे, म्हणजे रकान्यांची रांग, ‘न्यू’ने केला आणि ६० विद्यार्थी तयार झाले अशा समजुतीत एक अख्खा दिवस घालवला, तयार झाले होते ते क्रमांक लिहायचे ६० रकाने, सगळे नल. पाने वेगळी जोडावी लागतात. नव्या पानावर पहिल्या नोंदी करणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘नाव = नाव’ लिहिले तर हाच कोरेपणा उरतो, कारण दोन्ही बाजूंना बाहेरून आलेलेच नाव असते; ‘धिस.नाव = नाव’ लिहिले की डावी बाजू ‘या पानावरचे नाव’ होते.

पैशाबद्दल एक गोष्ट, तुमच्या व्यवसायामुळे. शिल्लक ‘डबल’मध्ये ठेवू नका. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते, आणि एका पैशाच्या फरकासाठी संध्याकाळी थांबणारी तुम्ही माणसे. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. त्यासाठी इंट मात्र अपुरा पडेल, कारण त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७ म्हणजे पैशांत मोजल्यास जेमतेम २ कोटी १४ लाख रुपये होते; ‘लाँग’ हा मोठा पूर्णांक घ्या. शिवाय शिल्लकेचा रकाना ‘प्रायव्हेट’, म्हणजे बाहेरून थेट न बदलता येणारा, करा आणि बदल ‘जमा’ व ‘खर्च’ या दोन मेथडांतूनच होऊ द्या. का, ते समजावून सांगायची गरज नसावी: खतावणीतली शिल्लक कोणी थेट खोडून नवी लिहीत नाही, नोंद करतो. इतर विद्यार्थ्यांना एन्कॅप्सुलेशन या नावाने जे आठवडाभर शिकवावे लागते, ते तुमच्याकडे शिस्त म्हणून आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. पाठ करणे हा मार्ग मुले का निवडतात ते समजते, तोंडी परीक्षेत तो चालूनही जातो. पण पाठ केलेला प्रोग्राम चुकला की कुठे चुकला हे पाठ नसते. घरच्या शिकवणीची सध्या गरज दिसत नाही. अडलेली ओळ दुसऱ्याने सोडवून दिली की त्या संध्याकाळपुरते बरे वाटते, आणि ‘स्टॅटिक लिहा’ हा सल्लाही त्याच जातीचा होता. वर्ग सोडणे यात कमीपणा मुळीच नाही. रविवार घरासाठी हवा असेल, पैसे दुसरीकडे लागत असतील, किंवा प्रणाली आतून कळण्याची ओढच ओसरली असेल, तर जरूर सोडा. पण वाणिज्य शाखेचे डोके हे कारण तुम्ही दिले आहे, ते मला पटत नाही, कारण वर सांगितलेले जवळजवळ सगळे मी तुमच्याच कामाच्या शब्दांत सांगू शकलो. राहिली विशीतली मुले. ती भराभर टंकतात हे खरे. पुढच्या रविवारी त्यांच्यापैकी एखाद्याला तुमचा जुना प्रोग्राम दाखवा आणि चालवण्याआधी विचारा, की इथे ऑब्जेक्ट किती तयार होतात. उत्तरापेक्षा, उत्तर द्यायला लागलेला वेळ पाहा.

सरावासाठी अप्पा बळवंत चौकातून एक साधी आखीव वही आणि पेन्सिल आणा. खतावणीचीच वही मिळाली तर उत्तम. प्रोग्राम चालवण्याआधी तो ओळीओळीने वहीत चालवायचा. जितक्या वेळा ‘न्यू’ गाठ पडेल तितकी नवी पाने घ्यायची आणि त्यांना क्रमांक द्यायचे. शेवटच्या पानावर व्हेरिएबलांचे रकाने, त्यांत क्रमांक, पेन्सिलीने, कारण ते खोडले जाणार आहेत. लूपची प्रत्येक फेरी खरोखर लिहायची. बारा नकोत, तीन सभासद पुरेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि तरुण मुले ते करत नाहीत. जोडीला ब्लूजे हे मोफत मिळणारे साधन घ्या: त्यात ऑब्जेक्ट केला की तो खालच्या पट्टीत चौकटीसारखा दिसतो, आणि त्यावर दोनदा टिचकी मारली की त्याचे रकाने आणि त्यांतल्या किमती उघडतात. दुसरे म्हणजे पायथन ट्यूटर हे संकेतस्थळ. नावात पायथन ही दुसरी भाषा असली तरी त्यात जावाही चालते, आणि रकान्यातून पानाकडे जाणारा बाण ते प्रत्यक्ष काढून दाखवते. पायथन शिकणाऱ्या वाचकांनीही ही वहीची रीत जशीच्या तशी वापरावी, तिथेही नावापाशी क्रमांकच असतो. फक्त क्लासच्या पातळीवर लिहिलेली रिकामी यादी ही पानावरची नसून फळ्यावरची असते, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा हप्ता भरण्याआधी तुमच्या हातात काही रविवार आहेत. आधी बारा सभासदांचा प्रोग्राम सुधारा, मग या पाच ओळी वहीत चालवा: ‘खाते क = न्यू खाते(); खाते ख = न्यू खाते(); खाते ग = क; क = ख; ख = नल;’. पाने किती, प्रत्येक रकान्यात कोणता क्रमांक, आणि यानंतर ‘ग.जमा(१००)’ केले तर शंभर रुपये कोणत्या पानावर पडतील, हे तिन्ही लिहून ठेवा आणि मगच पायथन ट्यूटरमध्ये ताडून पाहा. उत्तर जुळले, तर हप्ता भरायला हरकत नाही. नाही जुळले, तर वही घेऊन सरांकडे जा आणि ‘मला ऑब्जेक्ट कळत नाही’ असे न म्हणता, तुमचे पान आणि संगणकाचे पान ज्या ओळीवर वेगळे झाले ती ओळ दाखवा.